आलेच

वुल्व्हरहॅम्प्टनचं कोर्ट, खोली क्रमांक चार.
रेडिएटर तापलेला, तरी व्हर्लीन टलकनं कोट काढला नाही.
सदुसष्ट वर्षांची. हॉस्पिटलच्या लाँड्रीत छत्तीस वर्षं
परक्यांच्या चादरींच्या घड्या घातलेली बाई.

कौन्सिलचं म्हणणं थोडक्यात असं :
आठव्या मजल्यावरचा फ्लॅट तिनं दुसऱ्याला दिला,
स्वतः अकरा महिने तिथे राहत नाही,
दार उघडतो तफाझ्वा नावाचा पोरगा,
आणि तिच्या खात्यात दर शुक्रवारी साठ पौंड.

पोटभाडेकरू.
मी हा शब्द मनात मराठीतच उच्चारते,
दर वेळी त्यातलं पोट आधी ऐकू येतं.
त्या साठांत वीज, गॅस, आणि ग्लॉस्टरचं तिकीट,
जिथे तिची बहीण आठवड्यातून तीनदा
रक्त धुऊन घेते यंत्राकडून.

कायदा तसा एकच विचारतो :
परत यायचा इरादा होता का?
आणि होता, तर त्याची खूण काय ठेवलीत मागे?

शेजारीण हिल्डा स्कीडमोर, साक्षीला आली काठी टेकत.
म्हणाली, लिफ्टपाशी भेटली, हातात बॅग होती,
आणि जाता जाता बोलली
तो त्यांचा जमैकाकडचा नेहमीचा शब्द.
मी तो कागदावर घेतला
आणि समासात फक्त माझ्यासाठी लिहिलं : आलेच.

आमच्याकडेही उंबऱ्यावर 'जाते' म्हणत नाहीत.
चुकून म्हटलंच, तर आतून कुणीतरी ओरडतं,
'येते' म्हण गं.

"अकरा महिने," कौन्सिलचा वकील म्हणाला,
"म्हणजे लवकरच?"
कुणीतरी हसलं. त्याचा प्रश्न चूक नव्हता.
मी सांगलीहून येते म्हणून निघाले
त्याला यंदा एकोणीस वर्षं होतील.
हे काही मी उठून कोर्टाला सांगितलं नाही.

मग त्यांच्याच पुराव्यातला फोटो क्रमांक चौदा.
स्वयंपाकघर. तफाझ्वाचे रात्रपाळीचे बूट,
मागे आतल्या खोलीला कुलूप, तिचं,
आणि कपाटाच्या माथ्यावर एक काचेची बरणी, आत काळपट काही.
तपासनिसानं खाली लिहिलेलं :
'बरणी. अज्ञात पदार्थ.'

हे काय आहे, मी विचारलं.
व्हर्लीन सकाळपासून पहिल्यांदा ताठ बसली.
"मनुका, बेदाणे, सुके आलुबुखार, चेरी. रममध्ये.
नाताळच्या केकसाठी.
निघायच्या आदल्या रात्री घातलं. वर्षभर मुरायला हवं.
पोराला सांगून ठेवलंय, रविवारी हलव,
उघडलंस तर बघ."

माझ्याकडे तीन जुने निकाल होते,
पिवळ्या चिठ्ठ्या लावून ठेवलेले.
हाताला एकही लागला नाही.
मी म्हणाले, "मुरत घातलेली बरणी मागे ठेवून
कुणी घर सोडून जात नाही."
हे कुठल्या कलमात बसतं असं कुणी विचारलं असतं
तर माझी बोबडी वळली असती.
न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला,
रम किती, एवढंच विचारलं, आणि लिहून घेतलं.
का, ते कळलं नाही.

निकाल चौदा दिवसांनी. पोस्टानं.

बाहेर व्हर्लीन म्हणाली,
तो चौदा नंबरचा फोटो मला मिळेल का?
रंग छान चढलाय फळांना.

रस्त्यापलीकडे घरची बस उभी होती,
पुलापल्याड स्टेशन.
बहिणीचं यंत्र उद्या सकाळी सातला.
कौन्सिलचा वकील चाकांची बॅग घेऊन
आमच्या शेजारीच सिग्नलला थांबलेला,
ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.

ती पुलाकडे वळली.
मागे न बघता हात वर केला
आणि तोच शब्द म्हणाली.